रुसलेला नाही, नुसता न मानणारा

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू जे विचारलंस त्याचं मी तेव्हा नीट उत्तर दिलं नाही, कारण असल्या प्रश्नाला घाईत दोन वाक्यांत उत्तर दिलं की एकतर भांडण होतं नाहीतर थट्टा, आणि मला दोन्ही नको होतं. तू म्हणालास, देव मानत नाहीस तर 'संत तुकाराम' बघताना तुझे डोळे का भरतात, आणि सिनेमातला चालतो तर खऱ्या देवाशी तुझं काय वाकडं आहे. म्हणून आता बसून लिहितोय, लांबणार आहे, निवांत वेळ काढून वाच.

तर पहिलं म्हणजे वाकडं काही नाहीच रे. लोकांना का कोण जाणे असं वाटतं की न मानणाऱ्या माणसाचं कधीतरी काहीतरी बिनसलेलं असणार, जवळचं कुणीतरी अकाली गेलं असणार किंवा जीव तोडून मागितलेलं मिळालं नसणार, आणि तेव्हापासून हा रुसून बसलाय, कुणीतरी समजूत काढायचा अवकाश की येईल परत. ही समजूत पसरवण्यात सिनेमाचा मोठा हात आहे असं माझं ठाम मत आहे. १९७५ चा 'दीवार' आठव. विजय लहानपणापासून देवळाच्या आत जात नाही, आई आत आणि हा बाहेर, मोठा झाला तरी तसाच, आणि शेवटी आई आजारी पडते तेव्हा आत जाऊन देवाला जाब विचारतो. अमिताभचा तो सीन मी कितीही वेळा बघितला तरी अंगावर काटा येतो. पण विजय नास्तिक नाहीये. समोर कुणीतरी उभं आहे आणि ते आपलं ऐकतंय याबद्दल त्याच्या मनात काडीची शंका नाही, म्हणून तर एवढा चिडून बोलतो, रिकाम्या खोलीवर कुणी असं चिडत नाही. आणि हाच माणूस ७८६ चा, मुसलमान पवित्र मानतात त्या आकड्याचा, बिल्ला जिवापाड जपतो हेही विसरू नकोस, म्हणजे मानणं त्याच्यात ठासून भरलेलंच आहे, फक्त एका दारापाशी ते अडलंय.

माझं तसं नाही. मला कुणी फसवलंय असं वाटत नाही, कुणावर राग नाही. लहानपणी सगळ्यांबरोबर मीही हात जोडायचो, डोळे मिटायचो, आणि मिटलेल्या डोळ्यांच्या आत मी एकटाच असायचो. त्याचं दुःखही नव्हतं. इतरांना तिथे कुणीतरी भेटतं हे मला बरंच उशिरा कळलं, आणि कळल्यावर आधी आश्चर्यच वाटलं.

असा माणूस सिनेमाला चालत नाही बहुतेक, त्याच्यात ड्रामा कमी पडत असावा. रुसलेल्याला मनवता येतं आणि मनवलं की मस्त शेवट होतो, पण ज्याचं काही बिघडलेलंच नाही त्याचं काय करायचं? म्हणून मग पडद्यावर न मानणारा दिसला की मला आधीच धाकधूक सुरू होते की इंटरव्हलनंतर ह्याच्या घरातलं कुणीतरी आयसीयूत जाणार, आणि हा काचेबाहेर उभा राहून हात जोडणार, मागे घंटा वाजणार. मला ह्याचा मनापासून राग येतो. माणूस सगळ्यात जास्त घाबरलेला असतो तो क्षण पकडायचा आणि म्हणायचं बघा, आतून हा मानतच होता! घाबरलेला माणूस काहीही करेल, त्यावरून तो काय मानतो हे कसं ठरवणार?

आता तुकाराम. १९३६ चा, प्रभातचा, दामले-फत्तेलाल यांचा. त्यात मी नक्की कुठे रडतो हे तू कधी बघितलं नाहीस. चमत्कार सुरू झाले की मी उलट जरा बाहेर येतो, त्या काळात ही ट्रिक कशी जमवली असेल ह्याचाच विचार करत बसतो, शेवटी विमान येतं तेव्हाही तेच. मी हलतो ते विष्णुपंत पागनीस गातात तेव्हा, कारण तो चेहरा कुणाला काही सिद्ध करून दाखवत नाहीये, पलीकडून उत्तर येतंय की नाही हे तपासतही नाहीये, तो आपला गातोय. तसं काही मला कशाबद्दल तरी कधी वाटेल का असं वाटून गलबलून येतं. आणि दुसरी आवली. घरात खायला नाही, पोर आजारी, आणि ही बाई वहाण हातात घेऊन देवाला खडसवायला निघते. गौरीबाईंनी ते काम असं केलंय की पटतंच, हिचं बरोबर आहे! पिक्चर भक्तीचा आहे पण तिला कुठे हीन लेखत नाही, तिला शहाणपण शिकवायला जात नाही. शेवटी तो वैकुंठाला जातो आणि ही पोरांना घेऊन मागे राहते. मला तर तो सिनेमा निम्मा तिचाच वाटतो. मला त्यात शिरायला वाट मिळते ती आवलीमुळे.

'दीवार'च्याच वर्षी 'जय संतोषी माँ' आला होता, थेटरात लोक चपला बाहेर काढून बसायचे, पडद्यावर फुलं आणि नाणी उधळायचे. ह्याच्यावर हसणारे खूप भेटतात, मला हसू येत नाही. तो पांढरा पडदा आहे आणि त्यावर नुसता उजेड आहे हे मलाही माहीत असतं आणि तरी मी तिथे बसून रडतोच ना. फरक एवढाच की लाइट लागल्यावर माझं संपतं आणि त्यांचं त्यांच्याबरोबर घरी जातं.

पण घरी गेल्यावर काय होतं तेही बघायला लागतं. सत्यजित रायांचा 'देवी' (१९६०) तू अजून बघितला नाहीस म्हणून थोडं सांगतो. सासऱ्याला स्वप्न पडतं की सून म्हणजे साक्षात कालीमाता, आणि शर्मिला टागोर, वय कोवळं, तिला मखरात बसवतात, लोक पाया पडायला रांगा लावतात. एक आजारी मुलगा तिच्यासमोर आणतात, तो बरा होतो, झालं, मग घरातलंच लाडकं पोर तापाने फणफणतं तेव्हा डॉक्टरच्या औषधाऐवजी त्याला तिच्या मांडीवर ठेवतात आणि ते जातं. पण मला सगळ्यात हादरवणारी जागा त्याच्या आधीची आहे. नवरा तिला रात्री पळवून न्यायला निघतो, नदीपर्यंत येतात, आणि ती थांबते, कारण तिलाच वाटायला लागतं, मी खरंच देवी असले तर? यातलं कुणी दुष्ट नाहीये रे. सासऱ्याचा तिच्यावर जीव आहे. माझी रेघ तिथे आहे, औषधाच्या जागी दुसरं काही ठेवलं की मी गप्प बसणार नाही, मग समोर तू असलास तरी. बाकी कुणी काय मानतं ह्यावरून मला भांडायचं नाहीये.

काकांचं ऑपरेशन चालू होतं तेव्हा मी काकूंच्या शेजारी बसलो होतो, तू फॉर्म भरायला धावत होतास. त्यांचे ओठ सारखे हलत होते. तेव्हा मला त्यांचा हेवा वाटला, खरं सांगतो, कारण त्यांना काहीतरी काम होतं, आणि मला फक्त वाट बघायची होती. मध्येच म्हणाल्या, तूही म्हण. मी म्हणालो, मी इथेच बसतो काकू. त्यांनी मान डोलावली आणि पुढे सुरू केलं, बस्स. त्या दिवशी मी म्हणून टाकलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं का? कदाचित. पण त्यांच्यासाठी ज्या गोष्टीला इतकं वजन आहे ती मी नुसती तोंडदेखली करायची हे मला बरं वाटलं नाही.

स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनच्या 'विंटर लाइट'मध्ये (१९६३) मार्टा नावाची शिक्षिका आहे, ती देव मानत नाही पण तिथल्या पाद्र्यावर जीव लावून बसलीये. शेवटच्या प्रार्थनेला चर्च जवळजवळ रिकामं, आणि बाकावर ही. तिचं मतपरिवर्तन झालंय असं काही दाखवत नाहीत आणि तिला कुणी उठवतही नाही. न मानणाऱ्याला सिनेमात एवढी साधी जागा मिळालेली मी फार कमी बघितलीये.

माझी आई अजून रोज माझं नाव घेऊन प्रार्थना करते. ऐकणारा कुणी आहे असं मला वाटत नाही, पण म्हणणारी आहे, आणि दिवसातून एकदा तरी माझी काळजी करायला ती सगळं बाजूला ठेवून बसते. मी तिला कधीच थांबवणार नाही.

आता माझा प्रश्न. तू इतकी वर्षं मागतोयस, काही मिळालं, काही नाही. नाही मिळालं त्या रात्री तुझ्या आत काय होतं हे तू मला कधीच सांगितलं नाहीस, आणि 'त्याची इच्छा' हे उत्तर मला चालणार नाही, मला त्याच्या आधीचं हवंय. फोनवर नको, लिहूनच पाठव. आणि भेटू तेव्हा 'देवी' बघायचाच, मध्ये मोबाईल बघणार नसशील तर.

तुझाच,
मी