सुन्या, कॉलम १७ परत एकदा वाच

प्रिय सुन्या,

तुझ्या मामेबहिणीची पोरगी विहिरीत सापडली, तिच्या पीएम (पोस्टमॉर्टम) रिपोर्टचे तू पाठवलेले आठही फोटो रात्री झूम करकरून वाचले. फोनवर मी नुसतं हं हं करत होतो त्याचा तुला राग आला असणार, पण समोर रेसिडेंट पोरं बसली होती आणि हे असं चालता चालता बोलायचं प्रकरण नाही, म्हणून आता सगळं निवांत लिहितोय. लांबणार आहे, चहा घेऊन बस.

तुझा पहिलाच प्रश्न असा की, "डॉक्टर मॅनेज झालाय का?" झालाही असेल बाबा, मी काय देव नाही, पण कागद तसं म्हणत नाही. कागद म्हणतो की दोन डॉक्टर होते, इन कॅमेरा, म्हणजे व्हिडिओ शूटिंग करत पीएम झालं, आणि लिहिणारा माणूस दमलेला होता. कॉलम १७, म्हणजे अंगावरच्या जखमांचा रकाना, त्याने नीट सुरू केलाय, पहिल्या जखमेची लांबी रुंदी, जागा, रंग सगळं, आणि तिसऱ्या जखमेपर्यंत येता येता "मल्टिपल अब्रेजन्स ओव्हर बॅक", म्हणजे पाठीवर बरंच खरचटलंय, एवढ्यावर उरकलंय. मल्टिपल म्हणजे किती? चार की चाळीस? उभे की आडवे? आपल्याकडे निम्म्या केसेस या एका शब्दात बुडतात.

आता मूळ गोष्ट. तुझ्या मामेबहिणीला कुणीतरी सांगितलंय की "बुडून मृत्यू" लिहिलंय म्हणजे डॉक्टरने आत्महत्या ठरवून टाकली. नाही रे. बुडून हे मरणाचं कारण झालं. पोरगी पाय घसरून पडली, तिने उडी घेतली की कुणी ढकललं हे फुफ्फुसात लिहिलेलं नसतं. तिन्हीत फुफ्फुसं सेमच दिसतात. नाकातोंडाशी बारीक पांढरा साबणासारखा फेस, पुसला की परत येणारा, फुफ्फुसं फुगून हृदयावर आलेली, त्यांच्यावर बरगड्यांचे वळ, पोटात पाणी. हे सगळं रिपोर्टात आहे, म्हणजे पाण्यात गेली तेव्हा ती श्वास घेत होती असं म्हणायला बऱ्यापैकी आधार आहे. आधी मारून मग विहिरीत टाकली ही जी थिअरी तुझ्या भावकीत फिरतेय ती या कागदावर टिकायला अवघड आहे. पण बेशुद्ध करून टाकली असेल तर? बेशुद्ध माणूसही श्वास घेतोच ना. आणि फेस तर फवारणीचं औषध पोटात गेलं तरी येतो. म्हणूनच खाली "व्हिसेरा प्रिझर्व्ड", म्हणजे आतले अवयव तपासणीसाठी राखून ठेवले, असं लिहिलंय. त्यावर तू चिडू नको, ती टाळाटाळ नाही. जठर, आतड्याचा तुकडा, लिव्हर, किडनी मिठाच्या संपृक्त पाण्यात घालून लॅबला जातात आणि सी.ए. रिपोर्ट (विष वगैरे होतं का ते सांगणारा रासायनिक तपासणीचा) यायला महिने लागतात. तो येईपर्यंत हे मत अर्धंच आहे असं समज.

धोबिणीच्या हातासारखे सुरकुतलेले तळवे दिसले म्हणून तुझ्या भाच्याने तो फोटो ग्रुपवर टाकलाय ना, त्याला सांग डिलीट कर. एक तर पोरीची अब्रू, आणि दुसरं म्हणजे त्याने काहीच सिद्ध होत नाही, मेलेल्या माणसाचा हात पाण्यात राहिला तरी तसाच होतो.

कंठाचं हाड शाबूत आहे म्हणून गळा दाबलेला नाही, असं तो पीएसआय म्हणाला ना? हे टीव्हीवरून शिकलेलं दिसतंय. चोवीस वर्षांच्या पोरीचं ते हाड लवचिक असतं, गळा दाबलेल्या कितीतरी केसमध्ये ते मोडतच नाही, वय वाढलं की मोडायची शक्यता वाढते. हाड मोडलं नाही यावरून काही ठरत नाही. मानेचे स्नायू थर थर सोडवून बघितले का, आत रक्त उतरलेलं होतं का, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर रिपोर्टात एका ओळीचं आहे, "नेक स्ट्रक्चर्स इन्टॅक्ट", म्हणजे मानेतलं सगळं शाबूत. व्हिडिओ शूटिंग झालंय तर तेच मागवून बघायला लागेल.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. दुसरी जखम. "डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला दोन निळसर कंट्युजन, दीड बाय एक सेंटिमीटर". कंट्युजन म्हणजे मुका मार. तुझी नजर पाठीच्या खरचटण्यावर अडकलीय, माझी इथे. पाठ विहिरीच्या दगडाला घासते, वर काढताना गळ आणि दोर लागतो, पाठीचे वळ मेल्यानंतरचेही असू शकतात. दंडाची आतली बाजू झाकलेली असते रे. पडताना तिथे दगड लागणं अवघड. तिथे बोटं लागतात. आणि रंग निळसर म्हणतोय. मुका मार आधी लाल असतो, निळा व्हायला वेळ जातो, काही तास ते दोन तीन दिवस असं धरतात, म्हणजे हा मार कदाचित विहिरीच्या आधीचा. कदाचित हं. ओल्या बॉडीवर, ट्यूबलाइटखाली, रंगावरून दिवस मोजणं हे आमच्यातले शहाणे करत नाहीत. पण जी गोष्ट करायची होती ती एकच होती, ब्लेडने तिथे छेद देऊन बघायचं की कातडीखाली रक्त मुरलंय का आणि धुऊन ते जातंय का. मुरलेलं जात नाही. छेद दिल्याचा उल्लेख नाही.

हे मी इतक्या ठामपणे का लिहितोय ते सांगतो, तुला हे कधी सांगितलेलं नाही, बायकोलाही अर्धवटच माहितीय.

२००४ साली मी बॉण्डवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेत, होतो एका ग्रामीण रुग्णालयात. पीएम रूम म्हणजे मागे चिंचेखाली पत्र्याची शेड, मधे सिमेंटचा ओटा, एक पिवळा बल्ब. पावसाळ्याचे दिवस. सव्वासहाला ट्रॅक्टरमधून बॉडी आली, विहिरीतली, नवीन लग्न झालेली बाई. सूर्य मावळल्यावर पीएम करायचं नाही असा तेव्हा नियम (२०२१च्या नोव्हेंबरात केंद्राने सोय असेल तिथे रात्री परवानगी दिली, पण संशयास्पद केसेस त्यातूनही वगळल्यात, आणि बरोबर केलंय), आणि बाहेर शंभर माणसं उभी की आजच द्या, पाहुणे लांबून आलेत. हवालदार फॉर्म घेऊन माझ्या खांद्यावरून बघतोय. चिरफाड करणारे मामा वीस वर्षांचे अनुभवी, ते मला म्हणाले, "साहेब, पाणीच हाय, लिवा." आणि मी लिहिलं. दंडावर आतून चार लंबगोल डाग होते, एका ओळीत, आणि समोरच्या अंगाला एक. मी लिहिलं, "बॉडी बाहेर काढताना झालेल्या जखमा". वीस मिनिटांत सगळं संपलं. मामांनी सुतळीने शिवलं, मी हात धुतले आणि मेसला जाऊन जेवलो.

सात वर्षांनी समन्स आलं. मी तोवर एमडी होऊन शिकवायला लागलो होतो, हेच शिकवत होतो. सरकारी वकील घाईत, बचावाचा वकील माझ्यावर खूश, कारण माझा रिपोर्ट त्यांच्या बाजूचा. सगळं संपत आलं आणि जज साहेबांनी चष्मा काढून शांतपणे विचारलं, "डॉक्टर, गळ दंडाच्या आतल्या बाजूला लागतो का? आणि लागला तर चार एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला, असा?" सुन्या, मी पाण्याचा ग्लास उचलला आणि नुसता हातात धरून बसलो. छेद दिला होता का विचारलं, नाही म्हणालो. फोटो आहेत का, नाही. लोकं सुटली. खून होता असं मी आजही म्हणणार नाही, मला माहीत नाही, आणि माहीत नसायचं कारण मीच आहे. मागच्या बाकावर तिची आई बसलेली होती, तिला इंग्रजी कळत नव्हतं, ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती.

तुझ्या मामेबहिणीच्या पोरीचं आणि त्या बाईचं एक सारखं आहे, अग्नी दिलाय. दुसरं पीएम आता नाही. गोव्याची हणजूणची केस आठवते का तुला, २००८च्या फेब्रुवारीत पंधरा वर्षांची ब्रिटिश मुलगी किनाऱ्यावर सापडली होती? पोलिसांनी पहिल्यांदा बुडून अपघाती मृत्यू म्हणून गुंडाळायला घेतलं होतं, पहिलं पीएमही बुडून म्हणणारंच होतं. आईने ऐकलं नाही, अडून बसली, दुसरं पीएम झालं आणि अंगावर पन्नासच्या आसपास जखमा मोजल्या गेल्या. प्रकरण सीबीआयकडे गेलं. तरी पुढे काय, एक महत्त्वाचा विदेशी साक्षीदार खटल्यात उभाच राहिला नाही, २०१६ला गोव्याच्या बाल न्यायालयाने दोघांनाही सोडलं, मग २०१९च्या जुलैत हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने एकाला दोषी धरून दहा वर्षं दिली, दुसऱ्याची सुटका कायम राहिली. अकरा वर्षं. आणि त्यातही बघ, "बुडून" हा शब्द काही खोटा ठरला नाही, ती पाण्यात कशी गेली आणि तिला तिथे कुणी सोडलं यावर सगळा खटला होता.

यात एक बारीक गोष्ट आहे ती तुझ्या वकिलालाही सांग. दुसऱ्या पीएमला जास्त जखमा दिसल्या म्हणजे पहिल्याने लपवल्याच असं दरवेळी नसतं. मुका मार खोल असेल तर एक दोन दिवसांनी वर उमटतो, कातडी सुकली की खरचटणं गडद दिसतं. आणि उलटंही होतं, खरी जिवंतपणीची जखम तासनतास पाण्यात राहिली की तिच्यातलं रक्त धुऊन जातं आणि ती मेल्यानंतरची वाटते. ओठ, पापण्या, कान कुरतडलेले असले तर बहुतेक वेळा ते मासे आणि खेकडे असतात, सासू नव्हे. (तू हसणार नाहीस, माहितीय. सॉरी.) दुसऱ्याने बघेपर्यंत पहिल्याने मान उघडलेली असते, अवयव बाहेर काढून परत आत कोंबलेले असतात, फेस कधीच गेलेला. म्हणून मी पोरांना सांगतो की दुसरं पीएम हे पहिल्याच्या उष्ट्यावर असतं.

मग आता हातात काय आहे? मांडीचं हाड डायटमसाठी ठेवलंय असं दिसतंय, हे चांगलं केलं त्या डॉक्टरने, नाव ठेवताना हेही बघ. डायटम म्हणजे पाण्यातलं बारीक शेवाळ, त्याचं कवच काचेसारखं असतं, ॲसिडमध्येही विरघळत नाही. पाणी फुफ्फुसात ओढलं गेलं आणि हृदय चालू असलं तरच ते रक्तातून हाडाच्या मगजापर्यंत पोचतं. पण मगजात सापडलेलं शेवाळ त्याच विहिरीतलं आहे का हे सांगायला विहिरीचं पाणी लागतं, आणि पाण्याचा नमुना घेतल्याचं मला कुठेच दिसलं नाही. वकिलामार्फत अर्ज द्या, पंचांसमोर घ्यायला लावा, आजच, कारण पाऊस पडला की पाणी बदलणार. डायटमही ब्रह्मवाक्य नाही, कधी बुडालेल्यातही सापडत नाही, पण नमुनाच नसेल तर बोलायलाच जागा नाही.

लग्नाला तीन वर्षं म्हणजे सात वर्षांच्या आतली केस, म्हणून पंचनामा तहसीलदाराने केला असणार, तो मिळवा. मला पीएमपेक्षा त्यात जास्त रस आहे. चपला कुठे होत्या, काठावर जोडीने की एक पाण्यात? कळशी होती का, भरलेली की रिकामी? ती पाण्याला गेली म्हणतात, तर दोर कुठाय? विहिरीला पायऱ्या आहेत का, कठडा किती उंच? बांगड्या किती फुटल्या आणि तुकडे विहिरीशी सापडले की घरात? कॉलम १७ ला ही उत्तरं शेजारी ठेवली तर दंडावरचे दोन डाग बोलायला लागतील, नाहीतर ते नुसते दीड बाय एक सेंटिमीटर आहेत.

आणि पोटात अर्धवट पचलेली भाकरी भाजी होती असं लिहिलंय. घरचे म्हणतात ना पहाटे पाचला उठून गेली म्हणून? मग ती जेवली कधी? रात्री आठला जेवली असती तर पहाटेपर्यंत जठर बहुतेक रिकामं झालं असतं. बहुतेक. घाबरलेल्या, भांडण झालेल्या माणसाचं पोट थांबून राहतं, त्यामुळे यावर उड्या मारू नका, पण रात्री काय शिजलं होतं आणि कोण कोण किती वाजता जेवलं, हे शेजारणीला विचारायला काय हरकत आहे. पोलिसांआधी मामेबहिणीने विचारावं, बायका बायकांना सांगतात.

मी साक्षीला येणार नाही, ते तू गृहीत धरू नको. ज्याने बॉडी बघितली त्यालाच विचारावं लागतं, मी फक्त कागद बघितलाय. पण उलटतपासणीला त्याला काय काय विचारायचं ते वकिलाला बसून लिहून देईन, पैसे बिसे काढू नको. फक्त त्या डॉक्टरला आरोपीसारखं झोडू नका, तो पोरगा असेल बॉण्डवरचा, सरळ विचारलं तर सरळ सांगेल.

पाचव्या फोटोत तुझ्या अंगठ्याची सावली पडलीय, नेमकी डोक्याच्या कॉलमवर, कॉलम १९. टाळूखाली काय लिहिलंय ते मला वाचताच येत नाहीये. उजेडात ठेवून परत काढ आणि आज रात्रीच पाठव, मी जागा आहे.

तुझा,
बाळ्या