जोड तोडीची लावा: रेसिंग गेममधल्या एआय गाड्यांबद्दल

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात पोरं आणि गेम यावर अधनंमधनं पत्रं येतात, बहुतेक तक्रारीचीच, आणि त्यातली आईबापांची काळजी खरी आहे. पण कॉम्प्युटरवरच्या रेसिंग सिम्युलेशनबद्दल कुणी लिहिलेलं मी वाचलेलं नाही. शहापूर, वडगाव, टिळकवाडी, तिकडं खानापूर-निपाणीपर्यंत कितीतरी पोरं असेटो कोर्सा नाहीतर जुना आरफॅक्टर खेळायलेत, कुणाकडं जी२९ स्टिअरिंग आहे, कुणी नुसत्या कीबोर्डवर, आणि वर जगभरच्या लोकांनी फुकट बनवून दिलेले मॉड, म्हणजे नव्या गाड्या नवे ट्रॅक, टाकून खेळायलेत. त्यात एक गोष्ट सारखी चुकीची होतेय, त्यासाठी हे पत्र.

गोष्ट अशी की मॉड टाकला की कॉम्प्युटरच्या गाड्या, ज्यांना सगळे एआय म्हणतात, त्या एकतर वाऱ्यासारख्या पळतात नाहीतर वळणावर रांगतात. मग पोरं काय करतात, एआयची ताकद कमीजास्त करायची सेटिंगमधली पट्टी, म्हणजे स्लाइडर, खाली ओढतात, अर्ध्या फेरीच्या फरकानं जिंकतात आणि आठवड्यात कंटाळून गेम सोडून देतात. नाहीतर स्लाइडर वर ठेवतात, हरतात, आणि कॉम्प्युटर चीटिंग करतो म्हणून सोडतात. आपल्याकडं कुस्तीच्या मैदानात जोड लावणारे वस्ताद वजन बघतात, तयारी बघतात, मागच्या कुस्त्या आठवतात आणि मगच जोड लावतात, कारण हलकी जोड लावली तर जिंकणाऱ्यालाही त्यात काही मिळत नाही आणि बघणारे उठून जातात. एआयचं तसंच आहे. किती ठेवायचा हे जिंकलो का हरलो यावरून ठरवूच नका, घड्याळावरून ठरवा, आणि फरक ट्रॅकवर नक्की कुठं पडतोय ते शोधून तिथंच हात घाला.

आधी स्वतःचा टाइम. एक नशिबानं लागलेली फेरी धरायची नाही, गाडीच्या एकाच सेटअपवर, म्हणजे सेटिंगवर, तेवढ्याच फ्यूलवर, त्याच टायरवर न घसरता मारलेल्या फेऱ्यांची सरासरी धरायची. मग प्रॅक्टिसमध्ये एआयला पळू द्यायचं आणि त्यांचे टाइम लिहून काढायचे, सेक्टरसकट, म्हणजे फेरीचे जे तीन भाग पाडलेले असतात त्या प्रत्येकाचा टाइम धरून. इथंच बहुतेक जण आळस करतात, आणि खरी माहिती सगळी सेक्टरमध्येच असते बघा. समजा तुमची फेरी १ मिनिट ४५ सेकंदाची आणि एआयची १ मिनिट ४८ ची. तीन सेकंद तिन्ही सेक्टरमध्ये सारखे वाटले गेले असतील तर एआय नुसता कमी ताकदीवर आहे, स्लाइडर वाढवा, झालं काम. पण दोन सेक्टर बरोबरीत आणि सगळे तीन सेकंद एकाच सेक्टरमध्ये जात असतील तर स्लाइडर वाढवून काय होणार, जिथं एआय ठीक होता तिथं तो तुम्हाला उडवून जाईल आणि जिथं रांगत होता तिथं परत तुमच्यासमोर आडवा येईल. तुम्ही मागनं धडकणार आणि शिव्या कॉम्प्युटरला घालणार.

असा एका वळणावर अडकणारा एआय असेल तर दोष बहुतेक वेळा ट्रॅकच्या फाईलमध्ये असतो. असेटो कोर्सामध्ये एआय ज्या रेषेवरनं पळतो ती फास्ट लेन नावाची फाईल कुणीतरी माणसानं स्वतः गाडी चालवून रेकॉर्ड केलेली असते, त्यामुळं ज्यानं रेकॉर्ड केली तो एखाद्या वळणाला घाबरून लवकर ब्रेक मारत गेला असेल तर पुढची सगळी एआय मंडळी तिथं तशीच घाबरणार. ती रेषा नव्यानं रेकॉर्ड करता येते. तेवढं नको असेल तर ट्रॅकच्या फोल्डरमध्ये एआय हिंट्सची फाईल ठेवता येते, साध्या नोटपॅडमध्ये उघडणारी, त्यात पूर्ण फेरी ० ते १ धरून कुठनं कुठपर्यंत, समजा ०.४२ ते ०.४७, एवढं लिहायचं आणि पुढं एक आकडा, १ पेक्षा कमी म्हणजे तिथं एआय जपून जातो, जास्त म्हणजे जोरात. एका वळणाचा रोग त्या वळणापुरताच बरा होतो, बाकीच्या ट्रॅकला धक्का लागत नाही. मला या सगळ्या प्रकारात सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट हीच आहे.

एआय नुसता सरळ रस्त्यावर मागं पडत असेल तर मात्र गाडीकडं बघा. गाडीच्या डेटामध्ये एआयनं कितव्या आरपीएमवर गिअर टाकायचा ते लिहिलेलं असतं, आणि मॉड बनवणाऱ्यानं दुसऱ्या गाडीचा आकडा तसाच उचलून ठेवला असेल तर इंजिन ताकदीवर यायच्या आधीच एआय गिअर बदलत बसतो. फक्त हे बदलायच्या आधी मूळ फाईलची कॉपी बाजूला ठेवा, कारण बदललेला डेटा घेऊन ऑनलाइन गेलात तर सर्व्हर तपासतो आणि बाहेर काढतो.

आरफॅक्टर २००५ चा आहे तरी आमच्याकडं अजून जिवंत आहे, जुन्या कॉम्प्युटरवर पळतो म्हणून. त्याचा स्लाइडर ८० ते १२० टक्के. पण त्यात एआयच्या गाडीचं गणित तुमच्या गाडीएवढं बारीक केलेलं नसतं, वीसेक गाड्यांचं गणित एका प्रोसेसरवर करायचं म्हणजे कुठंतरी सोपं करावंच लागतं, म्हणून एआयच्या टायरच्या ग्रिपचा, म्हणजे पकडीचा, आकडा टायरच्या फाईलमध्ये वेगळा दिलेला असतो. मॉडमध्ये तो आकडा चुकला की संपलं, स्लाइडर कुठंही न्या, एआय कुठल्याच ट्रॅकवर माणसासारखा पळत नाही. म्हणून साधा नियम, सगळ्या ट्रॅकवर एकाच गाडीचा एआय बिघडला तर गाडीची फाईल, एकाच ट्रॅकवर सगळ्या गाड्यांचा बिघडला तर ट्रॅकची. ट्रॅकच्या एआयडब्ल्यू फाईलमध्ये क्वालिफायिंग, म्हणजे रेसला कुणी कितव्या नंबरवरनं सुटायचं ते ठरवणाऱ्या फेऱ्या, आणि रेस यांच्यासाठी दोन वेगळे रेशो, म्हणजे एआयचा वेग कमीजास्त करणारे आकडे, असतात, ते अगदी थोडे थोडे, ०.०१ च्या पावलानं हलवायचे आणि दर वेळी परत टाइम घ्यायचा. एका वेळी एकच आकडा बदला. दोन बदलले की कशानं काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही.

क्वालिफायिंग आणि रेस वेगळं का, तर खरे आकडे बघा. ग्रेटर नोएडाचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, ५.१२५ किलोमीटर, तिथं २०११ ते २०१३ फॉर्म्युला वनच्या तीन रेस झाल्या आणि तिन्ही सेबास्टियन व्हेटेलनं जिंकल्या. २०११ ला त्याचा पोलचा, म्हणजे क्वालिफायिंगमधला पहिल्या नंबरचा, टाइम १:२४.१७८ आणि रेसमधली सगळ्यात वेगवान फेरी, तीही त्याचीच, १:२७.२४९. तोच ड्रायव्हर, तीच गाडी आणि तीन सेकंदाचा फरक, कारण २०१० पासून रेसमध्ये मध्येच फ्यूल भरायला बंदी, टाकी भरून निघायचं आणि टायर सांभाळत पळायचं. आता २०११ च्या गाड्यांचा मॉड या ट्रॅकवर टाकला आणि एआय रेसमध्ये १:२२ काढायला लागला तर तुम्ही कच्चे नाही, मॉडचे आकडे चुकलेत. मापायला खरा आकडा हाताशी असताना आपण अंदाजावर का खेळायचं?

रेसरूमसारख्या गेममध्ये एआय तुमचे टाइम बघून आपोआप जुळवून घेतो, ती सोय चांगली आहे, नव्या पोरांनी तिथनं सुरू करावं. पण आपण हळू झालो की पुढची गाडी मुद्दाम हळू करणारे आणि आपण पुढं गेलो की मागच्यांना जोर देणारे गेम असतात, ते मला अजिबात पटत नाहीत, तिथं तुमची चांगली फेरी आणि वाईट फेरी एकाच किमतीची होऊन जाते.

अजून एक, सगळे एआय एकाच ताकदीचे ठेवू नका. आरफॅक्टरमध्ये दर ड्रायव्हरच्या फाईलमध्ये वेग, आक्रमकपणा, धीर याचे वेगळे आकडे देता येतात, असेटोमध्येही दर गाडीला वेगळी ताकद देता येते. सगळे सारखे ठेवले की शेवटपर्यंत एका रांगेत पळतात, कुणी कुणाला ओव्हरटेक करत नाही. थोडं वर-खाली ठेवलं की मधल्या नंबरसाठी खरी झुंज लागते, आणि पाचवा नंबर आला तरी पोरगं खूश होऊन उठतं.

साहेब, हे मी एवढं लांबलचक लिहितोय कारण याच्यातलं शिक्षण मला डोळ्यानं दिसतंय. मराठी माध्यमातनं आलेली पोरं, पुढं आयटीआय नाहीतर डिप्लोमा करून उद्यमबागेत मशीनवर उभी राहणारी, ही पोरं घरी बसून टाइम लिहून काढतात, सरासरी काढतात, एक आकडा बदलून परत मोजतात. पण याची माहिती सगळी इंग्रजीत, अडलं की विचारायला कोण नाही, म्हणून बरीच जण स्लाइडरवरच थांबतात. आपल्या रविवारच्या पानावर याला महिन्यातनं एकदा जरी जागा दिली तर खानापूर, चिक्कोडी, अथणीच्या पोरांपर्यंत पोचेल. लिहायला मी तयार आहे, माझ्यापेक्षा जाणकार कुणी असेल तर त्यांनी लिहावं, मी वाचीन.

आणि इथं मॉड बनवणाऱ्या पोरांना एक विनंती. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटाचा रस्ता ट्रॅक म्हणून बनवायचं काही जणांच्या डोक्यात आहे, जरूर बनवा, मी पहिल्या दिवशी डाउनलोड करणार. पण झाडं, दगड, पाऊस यावर महिने घालवून एआयची रेषा शेवटच्या रात्री उरकू नका, अरुंद घाटात दोन गाड्या शेजारी बसत नाहीत तिथं सगळी मजा त्या रेषेवरच अवलंबून आहे. चढाची आणि उताराची रेषा वेगवेगळी रेकॉर्ड करा. आणि ट्रॅकसोबत एक साधी टेक्स्ट फाईल द्या, मराठीत, कुठल्या गाडीवर, किती फ्यूलवर, स्लाइडर कितीवर ठेवून एआय तपासला आणि त्याचा टाइम काय आला.

आपला,
एक नियमित वाचक,
वडगाव, बेळगाव