मा. शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र: नागार्जुनांनी राजाला लिहिलेलं पत्र आमच्या पोरांना वाचू द्या

मा. शालेय शिक्षण मंत्री साहेब,

सविनय नमस्कार.

डिसेंबरात अधिवेशनाला तुम्ही नागपूरला येता तेव्हा विधानभवनाच्या आजूबाजूला मोर्चे, बंदोबस्त, निवेदनांचे गठ्ठे, त्यात माझा एक कागद कुठे दिसणार, म्हणून इथे उघडच लिहून राहिलो. मी ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर तर्कशास्त्र शिकवतो. मागणी एकच आहे. अठराशे वर्षांपूर्वीचे बौद्ध तत्त्वज्ञ आचार्य नागार्जुन यांनी सातवाहन राजाला लिहिलेल्या पत्रातले निवडक श्लोक सोप्या मराठीत नववी-दहावीच्या पोरांच्या हातात द्या, आणि त्यावर वर्गात भांडू द्या त्यांना.

पत्र म्हणजे खरंच पत्र, साहेब. 'सुहृल्लेख', मित्राला लिहिलेला लेख, १२३ श्लोकांचा. मूळ संस्कृत हरवलं, तिबेटी आणि चिनी भाषांतरात उरलं. सातव्या शतकात इत्सिंग नावाचा चिनी भिक्खू भारतात शिकायला आला होता, त्याने लिहून ठेवलंय की इकडे शिकायला सुरुवात करणारे विद्यार्थी हे पत्र आधी पाठ करतात. म्हणजे तेराशे वर्षांपूर्वी जे पहिल्या पहिल्या धड्यात होतं ते आज माझ्या अकरावीच्या वर्गात कोणाला ऐकूनही माहीत नाही. मी विचारलं होतं, नागार्जुन कोण? तीन हात वर आले. दोघांनी तेलुगू पिक्चरचा हिरो सांगितला, तिसरा रामटेककडचा होता, तो म्हणाला सर आमच्याकडे नागार्जुन टेकडी आहे, पण कोणाची ते माहीत नाही.

टेकडी रामटेकला, मनसर त्याच्या बाजूलाच, नागपूरहून जबलपूर रोडने तासाभराचा रस्ता. मनसरच्या हिडिंबा टेकडीवर खोदकाम झालं, विटांचं मोठं बांधकाम निघालं, त्यातलं बरंचसं वाकाटकांच्या काळातलं, म्हणजे नागार्जुनांच्या नंतरचं, आणि त्याचा त्यांच्याशी संबंध किती यावर अभ्यासकांचं एकमत नाही, तर मी इथे तो दावा करत नाही. आंध्रातही नागार्जुनकोंडा आहे, त्यांचाही हक्क आहेच. पण तिबेटी परंपरा त्यांचा जन्म विदर्भातला सांगते, हे तरी विदर्भातल्या पोराला कळायला पाहिजे की नाही? चीनमध्ये त्यांना लोंगशू म्हणतात, जपानमध्ये तर आठ पंथांचे आद्य आचार्य मानतात. त्यांच्या मुख्य ग्रंथाचं, 'मूलमध्यमककारिके'चं, चिनी भाषांतर कुमारजीव नावाच्या भिक्खूने इ.स. ४०९ मध्ये केलं, तिबेटातल्या मठांत आजही त्यावर टाळ्या वाजवून वाद होतात. आपल्या इथे मात्र टेकडीच्या पलीकडे नाव गेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. राजाला उपदेश करणारं त्यांचं दुसरं पुस्तक आहे 'रत्नावली', आणि ते वाचताना माझ्या अंगावर काटा येतो, कारण त्यात मोक्षाच्या गोष्टींसोबत कारभाराच्या इतक्या बारीक गोष्टी आहेत की वाटतं कालच कोणीतरी जिल्ह्यात फिरून आलाय. नुकसान झालेल्या शेतकऱ्याला बियाणं दे, खायला दे, कर कमी कर. कैदी सुटत नाही तोवर त्याला न्हावी, आंघोळ, जेवण, पाणी, औषध, कपडे मिळू दे. पाणपोईवर नुसतं पाणी नको, तिथे चपला ठेव, छत्र्या ठेव, सुई-दोरा ठेव, पायातला काटा काढायला चिमटा ठेव, पंखे ठेव. साहेब, मे महिन्यात नागपूरला ४५ डिग्रीत बर्डीवर उभं राहून हा श्लोक आठवून बघा, ज्याने हे लिहिलं तो माणूस कधीतरी उन्हात अनवाणी चालला असणार असं मला वाटतं. आणि त्याच यादीत आहे की शाळेत शिकवणाऱ्या गुरुजींच्या पोटापाण्याची पक्की सोय कर, त्यांना जमीन लावून दे. मी पाच वर्षं तासिकेवर आहे, मानधन कधी चार महिन्यांनी येतं कधी सहा, म्हणून हा श्लोक मी जरा जास्तच वेळा वाचलाय, खोटं कशाला बोलू.

चौथ्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच ते सांगतात की राजा चुकला तरी भोवतालचे लोक बहुतेक गोडच बोलतात, म्हणून ऐकायला कडू पण हिताचं ते मी बोलतो. ही एकट्या नागार्जुनांची गोष्ट नाही. चीनचे जुने तत्त्वज्ञ मेन्शियस तिकडच्या लिआंग राज्याच्या राजाकडे गेले, राजाने विचारलं इतक्या लांबून आलात तर माझ्या राज्याचा काय फायदा करून देणार, मेन्शियस म्हणाले फायद्याची भाषा कशाला, माणुसकी आणि न्याय यावर बोला. बौद्ध भिक्खू नागसेनाने मिलिंद या ग्रीक राजाला वादाच्या आधी सरळ अट घातली, पंडितासारखा वाद करणार असशील तर बोलतो, राजासारखा करणार असशील तर नाही, कारण पंडित हरला तरी रागावत नाही आणि राजाला उलट बोललं की शिक्षा होते. मिलिंद हे नाव आमच्या नागपुरात घरोघरी आहे, दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ ला झालेल्या धम्मदीक्षेनंतर जन्मलेल्या कितीतरी पोरांचं हेच नाव ठेवलंय, पण त्यातल्या किती जणांना ही अट शाळेत शिकवली?

तत्त्वज्ञान अवघड आहे, पोरांना झेपणार नाही असं मला स्टाफरूममध्ये नेहमी ऐकावं लागतं. माझा अनुभव उलटा आहे. नागार्जुनांचा मुख्य विचार म्हणजे शून्यता, ती सांगायची होती, फळ्यावर व्याख्या लिहिली तर सगळे झोपले. मग मी संत्र्याचं झाड घेतलं. काटोल-नरखेडकडच्या पोरांना माहीतच असतं की संत्र्याचं कलम जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून करतात. म्हटलं, मग जमिनीखालचं झाड जंबेरीचं, वरचं संत्र्याचं, तर झाड कोणाचं? माती काढा, पाणी काढा, डोळा भरणारा माणूस काढा, 'संत्रा' म्हणून स्वतःच्या जोरावर काही उरतं का? नागार्जुन जेव्हा शून्य म्हणतात तेव्हा काहीच नाही असं म्हणत नाहीत, एकटं, कशावरच न टेकलेलं असं काही नाही, असं म्हणतात, जे कारणांवर टेकून उभं आहे तेच शून्य. अर्धा तास वर्ग पेटला होता. आणि मागच्या बेंचवरची एक मुलगी उभी राहिली, म्हणे सर सगळंच शून्य असेल तर तुमचं हे वाक्यही शून्य झालं ना, मग ते आम्ही कशाला मानायचं?

साहेब, हाच आक्षेप नागार्जुनांच्या 'विग्रहव्यावर्तनी'चा पहिला आक्षेप आहे. ७० श्लोकांचं पुस्तक, पहिल्या वीस श्लोकांत नुसते विरोधकांचे आक्षेप आणि मग एकेकाचं उत्तर. हरवलेलं संस्कृत राहुल सांकृत्यायन यांना तिबेटातल्या मठात सापडलं, १९३७ मध्ये छापलं गेलं. अठराशे वर्षांपूर्वी बड्या पंडितांनी जिथे बोट ठेवलं तिथेच कळमन्याच्या हमालाच्या पोरीने बोट ठेवलं, तेही काही न वाचता. तिला झेपणार नाही असं मी कसं म्हणू?

म्हणून फक्त नाव आणि सनावळी असलेला धडा नको, तो पोरं पाठ करतात आणि विसरतात. रत्नावलीतले आणि सुहृल्लेखातले पंचवीस-तीस श्लोक, मिलिंद-नागसेनाचा रथाचा संवाद, नागार्जुनांना विरोध करणाऱ्या न्यायदर्शनवाल्यांची, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या परंपरेतल्या पंडितांची बाजूसुद्धा, कारण ती नसली तर ते पोथीवाचन होईल, आणि चक्रधरस्वामींचं काही, जे गुजरातेतून रामटेकच्या यात्रेला म्हणून निघाले आणि आपल्या मराठीत तत्त्वज्ञान बोलले. एवढं बालभारतीने एका पातळ पुस्तिकेत छापलं तरी पुरे. परीक्षेला मार्क नाही ठेवले तरी चालेल, आठवड्यातून एक पिरियड द्या फक्त.

अधिवेशनात एखादा शनिवार मिळाला तर मनसरला या, मी येतो सोबत. ती मुलगी आता बारावीत आहे. नागार्जुनांनी त्या आक्षेपाला काय उत्तर दिलं ते तिने मला दोनदा विचारलं, कॉलेजच्या लायब्ररीत मराठीत काही सापडलं नाही, तर मी इंग्रजीवरून रात्री बसून वहीत उतरवून देऊन राहिलो. अकरा श्लोक झालेत.

आपला नम्र,
तर्कशास्त्राचा एक तासिका शिक्षक, नागपूर