सुपीक खडक

राजापूर,
आषाढ वद्य पंचमी

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

फोन रोज होतो, पण सलग काही सांगायचं म्हटलं की तू गाडीत असतोस नाहीतर कामात. म्हणून हे लिहून पाठवते. सावकाश वाच.

मामाने सड्यावरच्या कातळजमिनीचे कागद सहीसाठी पाठवलेत. गिऱ्हाईक आलंय, भावही ठरलाय, माझी एक सही तेवढी राहिलीय. मी केलेली नाही. मे महिन्यात तुझ्याकडे येण्याआधी कागद आले असते, तर त्याच दिवशी करून पाठवली असती. तू मला आयर्लंडमधल्या क्लेअर परगण्यात फिरवलंस आणि माझं मन फिरलं. कसं ते सांगते.

मोहरचे कडे पाहिले, ते छानच आहेत. सातशे फूट सरळ खाली समुद्र, आणि पदर हातात धरवेना असा वारा. पण माझा जीव अडकला तो तिथून पुढे, बरेनमध्ये. तू गाडी कडेला घेतलीस, मी खाली उतरले, तर समोर आमचा सडाच! रंग तेवढा वेगळा. आपला जांभा तांबूस-काळा, तो खडक राखाडी, आणि डोंगरच्या डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी वर गेलेले. पण पायाखालचा तो उघडा कातळ, झाड नाही, आडोसा नाही, आणि कडेला दगडावर नुसते दगड रचून केलेले गडगे. चुना नाही, माती नाही. मधल्या फटींतून वारा निघून जातो म्हणून ते उभे राहतात, हे तुला तिथल्या माणसाने सांगितलं. माझे बाबा हेच सांगायचे. दर पावसाळ्यानंतर आम्ही पोरं त्यांना दगड हातात द्यायचो आणि ते पडलेला गडगा परत रचायचे.

तो चुनखडक सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वीचा. आज जिथे आपण कानटोपी घालून उभे होतो, तो भाग तेव्हा विषुववृत्ताजवळ उबदार समुद्राखाली होता. ओमने एका दगडावर बोट ठेवून पोवळ्याची नक्षी दाखवली, तेव्हा मला आधी ते कोणी कोरलंय असंच वाटलं. हा खडक पावसाच्या पाण्यात हळूहळू विरघळतो, म्हणून त्याला लांबच लांब भेगा पडल्यात. पाऊस पडला की सगळं पाणी त्या भेगांतून जमिनीखाली. कॅरनजवळचं ते तळंसुद्धा असंच, पावसाळी दिवसांत खालून भरतं आणि कोरड्या दिवसांत खालीच निघून जातं.

मी गुडघे टेकून एका भेगेत डोकावले, आठवतं? तू म्हणालास, आई, पडशील. वर वारा अंग कापत होता आणि आत हात घातला तर हवा थांबलेली, ओलसर, कोमट. हातभर खाली हंसराज उगवलेला! काळ्या तारेसारखे देठ, त्यावर हिरवी नाजूक पानं. आपल्या विहिरीच्या आतल्या दगडांत असतो तोच. आणि त्या भेगेपासून दोन पावलांवर, मुठीएवढ्या मातीत, जेन्शियनचं फूल. नखाएवढं, पाच पाकळ्यांचं, निळं. तो निळा मी याआधी फक्त शाईच्या दौतीत पाहिलाय. शेजारी आठ पाकळ्यांचं एक पांढरं फूल होतं, ते उत्तर ध्रुवाकडचं. जेन्शियन आल्प्सच्या डोंगरांतलं. हंसराज उन्हाळी देशांतला. तिघांनी एकाच कातळावर संसार मांडलाय. मी कितीतरी वेळ तिथून उठले नाही.

१६५१ मध्ये इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या सैन्यातला लडलो नावाचा सेनापती तिथून गेला. त्याची तक्रार सगळे सांगतात: इथे माणूस बुडवायला पाणी नाही, फासावर द्यायला झाड नाही, पुरायला माती नाही. पण त्याने पुढे लिहिलेलं कमी लोक सांगतात. तरीही इथली गुरं धष्टपुष्ट आहेत, कारण खडकांमधल्या दोन-तीन फूट लांबी-रुंदीच्या मातीच्या तुकड्यांवरचं गवत गोड आणि कसदार आहे. लढायला आलेल्या माणसालाही तेवढं दिसलं.

गुरांची गोष्ट तर मी इथे आल्यापासून सगळ्यांना सांगतेय. जगभर गुरं उन्हाळ्यात डोंगरावर जातात आणि थंडीत खाली येतात. तिथे उलटं. ऑक्टोबर संपता संपता गुरं वर चढवतात आणि वसंतात खाली आणतात. खडक उन्हाळाभर तापलेला असतो, ती ऊब तो थंडीत सोडत राहतो. पाणी साचत नाही, म्हणून गुरांना बसायला कोरडी जागा. ती वाळकं गवत आणि झुडपांचे कोंब खाऊन टाकतात, मग वसंतात फुलांना ऊन मिळतं, आणि फुलायच्या दिवसांत त्यांच्यावर पाय पडत नाही. गुरं न्यायची बंद झाली, तर हेझलची झुडपं पसरतात आणि त्यांच्या सावलीत फुलं संपतात. म्हणजे ती फुलं तिथल्या शेतकऱ्याने राखलेली आहेत. २००५ पासून याची योजना चालली, त्यातून पुढे शेतागणिक दहापैकी गुण द्यायची पद्धत आली. गवत-फुलं जितकी चांगली तितके पैसे जास्त. कातळ राखल्याचे पैसे! हे मी मामाला दोनदा सांगितलं.

पूलनाब्रोनच्या पुरातन थडग्यापाशी मात्र मी गप्प झाले होते. लांबून ते दगडी टेबलासारखं दिसतं, दोन-तीन उभ्या शिळांवर एक आडवी. १९८५ मध्ये एका उभ्या शिळेला तडा गेलेला दिसला, ती बदलायची म्हणून खणलं, तर आत तेहतीसेक माणसांची हाडं निघाली. बायका, पुरुष, मुलं. साडेपाच हजार वर्षांहून जुनी. बहुतेक सगळी तिशीच्या आत गेलेली, सांधे ओझी वाहून झिजलेले. एकाच्या कमरेच्या हाडात बाणाचं टोक रुतलेलं. आणि दाराशी एक तान्हं बाळ, ते पुष्कळ नंतरचं, दोन हजारांवर वर्षांनी कोणीतरी तिथे आणून पुरलेलं. इतकी वर्षं उलटूनही त्या आईला तीच जागा राखणीची वाटली असेल. तू फोटो काढत होतास. मी मनात हात जोडले.

वाटेतली ती बिनछपराची घरं तू गाडी न थांबवता दाखवलीस. मी तेव्हा बोलले नाही. १८४५ ला बटाट्यावर रोग पडला आणि पुढच्या सात वर्षांत दहा लाख माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. १८४१ मध्ये त्या बेटावर ऐंशी लाखांवर लोक होते, आजही तेवढे नाहीत. पोटाला मिळावं म्हणून लोकांकडून दगड वाहवून घेत, रस्ते आणि भिंती बांधून घेत. १८७६-७८ च्या दुष्काळात आपल्या घाटावरच्या माणसांनीही सरकारी कामावर अशीच खडी फोडली, राज्यही तेच, इंग्रजांचं. पुढच्या वेळी तिथे थांब. ओमला खाली उतरव, चूल कुठे होती ते शोधायला सांग.

आणि लिमरिकहून रोज ये-जा करतोस त्या हमरस्त्याच्या कडेला ते एकटं काटेरी झाड आहे ना, तेही दाखव. १९९९ मध्ये रस्ता त्याच्यावरून जाणार होता. ते परींचं झाड आहे, तोडू नका, असं लोक म्हणाले आणि झाड राखून रस्ता केला. आपल्याकडे देवचाराच्या झाडाला कोणी कोयती लावत नाही, तसंच.

शेवटी कॉर्कमरो. डोंगराच्या कुशीतला तो मठ, तेराव्या शतकाच्या सुरुवातीला सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी बांधलेला. अर्ध्या भागावर आता आभाळाचंच छप्पर. १२६८ मध्ये मारल्या गेलेल्या ओब्रायन राजाची दगडी मूर्ती तिथे आडवी आहे, तिच्या अंगावर दुपारचं ऊन पडलं होतं. खांबांच्या माथ्यावर फुलं-पानं कोरलीत. तू वाचून दाखवलंस की साधूंनी या मठाला लॅटिनमध्ये नाव दिलं होतं सांक्ता मारिया दे पेत्रा फर्तिली, सुपीक खडकाची मेरीमाता.

सुपीक खडक. मला तिथेच आपला सातबारा आठवला. त्यावर आमच्या सड्यापुढे लिहिलंय पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. मामा म्हणतो, पोटखराब जमिनीचे एवढे पैसे पुन्हा मिळणार नाहीत. त्याचं चूक नाही, त्याला दोन मुली उजवायच्यात. त्याला गरज असेल तर माझ्या बांगड्या आहेत, तेही मी त्याला कळवलंय. पण सही नाही.

काल पाऊस थोडा थांबला तेव्हा मी छत्री घेऊन वर जाऊन आले. सीतेच्या आसवांची फुलं अजून यायची आहेत, श्रावण सरता येतील. खड्ड्यांत पाणी भरलंय, बेडूक ओरडतायत. खालच्या अंगाचा गडगा दोन ठिकाणी ढासळलाय. गणपतीला याल तेव्हा तू आणि ओम मिळून तो रचा. मी दगड हातात देईन.

आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी बरेनमध्ये गुरं वर चढवतात, गावचे लोक बरोबर चालतात. सुट्टी टाक, सूनबाईंना आणि ओमला घेऊन जा. बूट गुडघ्यापर्यंतचे घ्या. कळपात सगळ्यांत पुढे कोण असतं, वाट माहीत असलेली म्हातारी गाय की आणखी कोणी, ते नीट बघून मला कळव.

सूनबाईंना आशीर्वाद, ओमला गोड पापा.

तुझी,
आई