डोहाकाठी खोलीचा आकडा रंगवा, दोर टांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टी लागली की हब्बनहट्टी, असोगा आणि मलप्रभेच्या इतर डोहांवर रविवारी जत्रा भरते. कोणी बुडाले की ‘पाण्याचा अंदाज न आल्याने’ एवढेच छापून येते. तो अंदाज का चुकतो, हे सांगायला हे पत्र.

मे महिन्यात धार घोटाभर उरते, म्हणून डोहही तसाच वाटतो. त्यात पाणी नितळ असले की तळ वर आल्यासारखा दिसतो: 6 फूट पाणी सरळ वरून साडेचार फुटांचे भासते, काठावरून तिरपे पाहिले तर त्याहूनही कमी. वाळू उपसलेल्या जागी गुडघाभर पाण्यातले पुढचे पाऊल थेट पुरुषभर खड्ड्यात पडते. खड्ड्याची कड सैल असते. मागे फिरायला टाच रोवली की तीच वाळू ढासळते आणि माणूस आणखी आत जातो. तिथे उभे राहण्याची धडपड सोडून उताणे व्हावे आणि काठाकडे हात मारावेत. रांजणखळगे, म्हणजे खडकातले रांजणासारखे खड्डे, भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनी आतून घासलेले, वर शेवाळ. धरायला खाच सापडत नाही. चिरेखाणीत तर उतरूच नये. जांभा चौकोनी कापलेला असल्याने भिंती उभ्या, आणि उन्हाळ्यात पातळी उतरली की काठ हाताला लागत नाही.

उतरण्याआधी सुतळीला अर्धा किलोचा दगड बांधा, दर 3 फुटांवर गाठ मारा आणि जिथे उतरायचे तिथली खोली मोजा. बाहेर कुठून यायचे तेही तेव्हाच ठरवा. मोबाइलला रेंज कुठे मिळते ते पाहून ठेवा. कणकुंबीकडे, म्हणजे मलप्रभेच्या उगमाकडे, आभाळ भरले असेल तर खानापुरात ऊन असले तरी डोहात राहू नका. वळवाचे पाणी वरून येते. पाणी गढूळले, काटक्या वाहू लागल्या की चपला शोधत बसू नये.

जेवणाच्या डब्यांबरोबर 20 मीटर तरंगणारा प्लॅस्टिकचा दोर आणि झाकण घट्ट बसणारा 5 लिटरचा कॅन न्यावा. कॅनमध्ये तांब्याभर पाणी ठेवावे; रिकामा फेकला तर वाऱ्याने भलतीकडे जातो. बुडणारा बहुधा ओरडत नाही, त्याच्या नाकातोंडात पाणी असते. त्याच्यामागे उडी घेऊ नका, तो मिठी मारतो आणि दोघेही जातात. काठावर पालथे पडून दोर, साडी, काठी, हाताला येईल ते पुढे करा.

बाहेर काढल्यावर पोट दाबणे, उलटे टांगणे बंद करा. त्यात मोलाची मिनिटे जातात. एकाने 112 लावावा. श्वास नसेल तर दुसऱ्याने आधी तोंडाने 5 श्वास द्यावेत, मग छातीच्या मधोमध 30 दाब आणि 2 श्वास, मदत येईपर्यंत. मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटिमीटर दबली पाहिजे. दाबणारा दमला की बदला.

नदीकाठच्या ग्रामपंचायतींना विनंती: नुसत्या ‘धोका’ पाटीने कोणी थांबत नाही. खडकावर खोलीचा आकडा फुटांत रंगवा, पाटी कन्नड आणि मराठी दोन्हींत लावा, शेजारच्या झाडाला दोर आणि कॅन टांगा. खर्च किरकोळ आहे. मात्र पुरात वाळू हलते, त्यामुळे आकडा दरवर्षी पाणी उतरल्यावर नव्याने मोजावा लागेल.

— मलप्रभाकाठचे काही पोहणारे, खानापूर