टेलिफोनशेजारी मोबाइल ठेवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी पुण्यातल्या एका रक्तपेढीत चौकशीच्या टेबलावर बसते. आमची जागा पेठेतल्या जुन्या इमारतीच्या तळघरात आहे. टेबलावर गुंडाळीच्या वायरचा साधा टेलिफोन. नावं-नंबर लिहून घ्यायला हात मोकळे हवेत, म्हणून मी तो बहुतेक वेळा स्पीकरवर घेते. समोर आलेले नातेवाईक कागदपत्रं काढताना हातातला मोबाइल सहज त्या टेलिफोनला टेकवून ठेवतात. आणि मग सुरू होतं, टिटिक-टिटिक-टिटिक, टर्रर्र... मोबाइल वाजायच्या आधीच मला कळतं, आता याला फोन येणार.

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या रात्री एका मुलीचा हडपसरहून फोन आला. वडिलांना प्लेटलेट्स हव्या होत्या आणि मिरवणुकीमुळे रस्ते बंद, तेव्हा पिशवी आहे का हे पाहून मी उलट फोन करायचा असं ठरलं. ती नंबर सांगत असतानाच ती टर्रर्र आली. मला वाटलं, नीट ऐकलं. फोन ठेवून वहीत पाहिलं तर नऊच आकडे! आमच्या त्या टेलिफोनवर नंबर दिसत नाही. पिशवी तयार होती आणि कळवायचं कुणाला? वीस मिनिटांनी तिनंच पुन्हा फोन केला. ती वीस मिनिटं मी विसरलेले नाही.

‘एबी’तला ‘बी’ही असाच गिळला जातो आणि ऐकू येतो नुसता ‘ए’. रक्त देताना नमुना तपासूनच देतात, तिथे चूक होत नाही. पण चुकीच्या गटाची चौकशी करून माणसाला शहरभर हेलपाटा पडतो, तो पडतोच.

आम्ही आधी लाइनलाच दोष देत होतो. वायर बदलली, टेलिफोन बदलला. शेवटी दुरुस्तीला आलेल्या मुलानं स्वतःचा मोबाइल टेलिफोनजवळ नेऊन-लांब करून दाखवला. २जीवर चालणारा मोबाइल सलग लहरी सोडत नाही. एका वाहिनीवर आठ जण पाळीपाळीनं बोलतात, म्हणून तो सेकंदाला साधारण २१७ झटके देतो. टेलिफोनची वायर अँटेनासारखी ते झटके पकडते, आतल्या सर्किटमध्ये त्यांचा आवाज होतो आणि स्पीकर तो मोठा करून ऐकवतो. ९०० मेगाहर्ट्झवर मोबाइलची ताकद दोन वॅटपर्यंत जाऊ शकते. रेंज कमी तितका मोबाइल जोर लावतो, म्हणजे आमच्या तळघरात सगळ्यात जास्त. ४जीवर ही टर्रर्र सहसा येत नाही. पण आमच्याकडे गावाकडून येणाऱ्या कितीतरी आजी-आजोबांच्या हातात अजून बटणांचा फोन असतो, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

उपाय फुकटातला आहे. मोबाइल टेलिफोनपासून दोन हात लांब ठेवला की आवाज जवळजवळ जातो. आम्ही भिंतीवर कप्प्यांची लाकडी फळी ठोकून घेतली आहे. परवा एक आजी म्हणाल्या, “अगं, नातवाचा फोन यायचाय, कळेल ना मला?” म्हटलं, “तुमच्या डोळ्यांसमोरच ठेवते, वाजला की मीच उचलून देते.” त्या बसल्या निवांत.

दवाखाने, रुग्णवाहिका, अग्निशमन, वीज तक्रार केंद्र, जिथे जिथे माणूस घाईत फोन करतो आणि समोरचा ऐकून लिहून घेतो, तिथल्या प्रमुखांना माझी कळकळीची विनंती आहे. चौकशीच्या खिडकीवर ‘मोबाइल टेलिफोनशेजारी ठेवू नये’ अशी मराठीत पाटी लावा आणि जवळच मोबाइल ठेवायला जागा करून द्या. नवा टेलिफोन घेताना शेजारी २जीचा मोबाइल ठेवून, त्यावर एक फोन करून बघा आणि मगच बिल द्या. नंबर घेणाऱ्या माझ्यासारख्यांनी तो आकडा-आकडा परत म्हणून दाखवावा. मी त्या रात्रीपासून दाखवते.

आपली,
रक्तपेढीतील एक कर्मचारी, पुणे