फाइल वाचायला शिकवणाऱ्या वकीलताईंना

प्रिय वकीलताई,

सप्रेम नमस्कार.

नाशिकमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांसोबत काम करणारे आम्ही सगळे मिळून हे पत्र लिहितो आहोत. उघडपणे लिहिण्याचं कारण एवढंच, की सीबीएसजवळच्या (जुन्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) जिल्हा न्यायालयात, मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरून, डॉक्टरांच्या निष्काळजीपणाच्या तक्रारींत तुम्ही ज्या बायकांना मदत केलीत, तशा अजून कितीतरी जणी पेठ, सुरगाणा, कळवणकडे आहेत. तुमचे आभार मानताना त्यांच्याही हाती काहीतरी पडावं.

पहिले आभार तुमच्या स्पष्टपणाबद्दल. आजार उलटला किंवा केमोचा त्रास झाला, एवढ्यावरून निष्काळजीपणा ठरत नाही, हे तुम्ही रडणाऱ्या नातेवाइकांनाही न दुखावता सांगता. सर्वसाधारण कुशल डॉक्टरने त्या वेळी जे करायला हवं होतं ते झालं का, आणि न झाल्यामुळेच नुकसान झालं का, हे दोन्ही दाखवावं लागतं. दुसरा भाग बहुतेक तक्रारींत लंगडा पडतो. म्हणून तुम्ही आधी गाठीचं माप शोधता. पहिल्या सोनोग्राफीत गाठ 2 सेंमीच्या आत आणि निदानाच्या वेळी 5 सेंमीच्या वर, शिवाय काखेतही गाठी, असं कागदावर असेल तर उशिराची किंमत कुणालाही दिसते.

वैद्यकीय बाजू तुम्ही ज्या बारकाईने समजून घेतलीत, त्याचं आम्हाला फार अप्रूप आहे. गाठीच्या निदानाला तीन पाय असतात: हाताने तपासणी, सोनोग्राफी-मॅमोग्राफी आणि तुकड्याची तपासणी. तिन्ही जुळले पाहिजेत. मॅमोग्राफीवर बायरॅड्स 4 किंवा 5, म्हणजे कर्करोगाचा संशय दाखवणारा दर्जा, लिहिलेला असताना सुईच्या तपासणीत, म्हणजे एफएनएसीत, काही सापडलं नाही म्हणून ‘साधी गाठ आहे’ सांगून घरी पाठवणं, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. बारीक सुई गाठीच्या बाजूने गेली तर कर्करोगाच्या पेशी येतच नाहीत. तिथे जाड सुईची कोअर बायोप्सी करायलाच हवी. आता प्रत्येक फाइलमध्ये आम्ही हे दोन रिपोर्ट शेजारी ठेवून वाचतो.

दुसरी जागा ऑपरेशननंतरची. काढलेला तुकडा तासाभराच्या आत पुरेशा फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रवात, जायला हवा आणि त्यात 6 ते 72 तास राहायला हवा. तो सलाइनमध्ये किंवा कोरडाच पडून राहिला तर ईआर-पीआर, म्हणजे गाठ हार्मोनवर वाढते का हे सांगणाऱ्या तपासण्या, खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात, आणि किमान पाच वर्षांची हार्मोनची गोळी त्या बाईला मिळतच नाही. हर-2 (गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन) चा रिपोर्ट 2+, म्हणजे अनिश्चित, आला तर फिश ही जनुकाची तपासणी केल्याशिवाय निर्णय होत नाही. तुकडा किती वाजता काढला, लॅबमध्ये किती वाजता पोचला, हे फॉर्मवर पाहायचं आम्हाला तुम्हीच सुचवलंत.

कागद मिळवण्याची तुमची रीत आम्ही जशीच्या तशी उचलली. साध्या कागदावर अर्ज, दोन प्रती, एकीवर तारखेसह सही-शिक्का. पोच देत नसतील तर पोचपावतीसह स्पीड पोस्ट. 2002 च्या वैद्यकीय नीतिनियमांप्रमाणे मागितल्यावर 72 तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं, पण जपून ठेवायचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांचं आहे, त्यामुळे थांबून चालत नाही. नुसतं ‘फाइल द्या’ लिहिलं की डिस्चार्ज कार्ड हातात येतं. म्हणून नावं घालून मागायचं: इनडोअर पेपर, नर्सिंग नोट्स, संमतीपत्रं, ऑपरेशन नोट्स, केमोचा तक्ता, बिलं, मॅमोग्राफीची सीडी. स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) वेगळे मागायचे आणि ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टशी जुळतो का, ते तिथेच बघायचं. मूळ कागद तक्रारीला कधीच जोडायचा नाही.

मुदतीबद्दल तुम्ही इतक्या वेळा बजावलंत, की ते आता आमच्या तोंडी बसलंय. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार करायला दोन वर्षं आहेत. नोटीस पाठवल्याने ती वाढत नाहीत, आणि हॉस्पिटलशी तडजोडीच्या गप्पा चालू असल्या तरी घड्याळ थांबत नाही. चूक नंतर उघड झाली असेल तर ती कोणत्या कागदावरून कोणत्या तारखेला कळली, हे तक्रारीत नीट मांडायचं. मुदत गेलीच असेल तर विलंबमाफीचा अर्ज सबळ कारणांसह सोबतच द्यायचा.

उपचार मुंबई-पुण्यात झाले तरी तक्रारदार राहते त्या जिल्ह्यात, म्हणजे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात, तक्रार करता येते, हे ऐकून कितीतरी जणींच्या जिवात जीव आला. उपचारासाठी भरलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि 5 लाखांपर्यंत फी शून्य. बिल विमा कंपनीने भरलं तरी 1995 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे ती सेवा ठरते. जिथे सगळ्यांनाच उपचार मोफत असतात, तिथे मात्र हा रस्ता नाही, हेही तुम्ही लपवत नाही.

पोलीस ठाण्याकडे धावणाऱ्यांना तुम्ही थांबवलंत, त्याबद्दल वेगळे आभार. 2005 च्या निकालानंतर डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी घोर निष्काळजीपणा आणि स्वतंत्र वैद्यकीय मत लागतं. त्यात वर्ष जातं आणि इकडे ग्राहक आयोगाची मुदत संपते. तज्ज्ञाचं मत ग्राहक आयोगातही बहुतेक वेळा लागतंच, म्हणून ब्लॉक-स्लाइडचं दुसरं मत तक्रारीआधी घ्यायला तुम्ही सांगता.

आणि फीबद्दल. विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. हे तुम्ही प्रत्येकीला स्वतःहून सांगता, आणि मोफतचं काम म्हणून एकही तारीख दुसऱ्यावर ढकलत नाही. ज्यांना न्यायालयाची पायरी चढायची भीती वाटते, त्यांनी आधी विधी सेवेच्या 15100 या हेल्पलाइनवर फोन करावा, असा तुमचा निरोप आम्ही गावोगाव देतो आहोत.

केमो चालू असलेल्या बाईला आयोगात ताटकळत बसावं लागू नये, म्हणून ऑनलाइन सुनावणीची विनंती तुम्ही आठवणीने करता. ताई, त्याबद्दल त्यांच्या घरच्यांनी खास आभार कळवायला सांगितले आहेत.

आपले,
नाशिकमधील रुग्णमित्र